डबा कुठे उघडायचा, हे आधी ठरवा

ताई, तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. हिंगणा रोडवर चिवडा-फरसाण पॅकिंगचं युनिट, चौदा माणसं, त्यात अकरा बायका. घर टेलिफोन एक्स्चेंज चौकापाशी. शेजारच्या काकूंचा मुलगा 23 वर्षांचा, डाऊन सिंड्रोम (जन्मापासूनची स्थिती, तिच्यात शिकणं-बोलणं सावकाश होतं) असलेला, दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटवर 50 टक्के. काकूंनी भीत भीत विचारलं, "याला तुझ्याकडे नेशील का?" तुम्हाला न्यायचं आहे. तुमचे मिस्टर म्हणतात, "ठेवू ना, दोन हजार देऊ, बसून राहील बिचारा." कामावरच्या बायकांत कुजबुज सुरू झाली आहे. आणि तुमचं विचारणं असं की त्याला जमेल का, सीलिंग मशीनवर हात भाजला तर काय, अन् बाकीच्यांना कसं समजवायचं.

मी विशेष शिक्षिका. नागपुरातच सत्तावीस वर्षं झाली, त्यातली शेवटची पंधरा-सोळा अशा मुलामुलींना शाळेनंतर कामाला लावण्यात गेली. झेरॉक्सची दुकानं, बेकरी, रोपवाटिका, एक-दोन ऑफिसं. जेवढं जमलं जवळपास तेवढंच फसलंही. तुमच्या तिन्ही प्रश्नांवर सांगते, पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते तुम्ही न विचारलेलं: "बसून राहील".

साधारण दहा वर्षांपूर्वी एका मुलाला मी बाइंडिंगच्या कारखान्यात लावलं. मालक देवमाणूस. त्याला पंख्याखाली खुर्ची, पहिला चहा त्याला. त्यानं कागदांचा गठ्ठा उचलला की कुणीतरी हातातून काढून घ्यायचं, "राहू दे बेटा." पैसे महिन्याच्या महिन्याला वेळेवर. घरचे खूश, मीही रजिस्टरमध्ये "नोकरीला लागला" लिहून मोकळी झाले. सहाव्या आठवड्यात त्याचं पोट दुखायला लागलं, मग डोकं, मग तो जाईचना. मी घरी जाऊन त्याच्याजवळ बसले. बराच वेळ तो चादरीची दशी ओढत राहिला. शेवटी म्हणाला, "बाई, तिथे मले कामच नाही."

मालकाला मी दोष देत नाही. मी त्याला काम न बघता जागा बघून दिली होती, हे माझं चुकलं. तेव्हापासून कुणी "ठेवून घेतो" म्हटलं की मी आधी विचारते, कशासाठी?

आता जमेल का, ते. सर्टिफिकेटवरच्या 50 टक्क्यांना घाबरू नका. लोकांना वाटतं, 50 टक्के म्हणजे अर्धं काम करेल. तसं काही नाही. सौम्य बौद्धिक अक्षमता असेल तर 50, मध्यम असेल तर 75, असे आकडे नियमातच ठरवून दिलेले आहेत. तो आकडा सवलतींसाठी आहे, 40 किंवा त्याच्या वर असला की योजना लागू होतात. माणूस चिवड्याचं पाकीट भरू शकेल की नाही हे त्यातून कळत नाही. मी 50 टक्केवाली एक मुलगी घराबाहेर एकटी न पडलेली बघितली आहे, आणि 75 टक्केवाला एक जण रोपवाटिकेत दिवसाला शेकडो पिशव्या भरताना.

ते कळायला तुम्हाला तुमच्याच युनिटमध्ये एक दिवस नुसतं बसावं लागेल. वही घेऊन बसा आणि एक पाकीट तयार होताना हात काय काय करतात ते लिहा. रिकामं पाऊच उचललं. बोटांनी तोंड उघडलं. नरसाळ्याखाली धरलं. मापानं चिवडा टाकला. काट्यावर ठेवलं. कमी-जास्त केलं. तोंड सरळ केलं. सील मारलं. दाबून हवा निघते का बघितलं. खोक्यात लावलं. "पॅकिंग" म्हणून आपण एक शब्द वापरतो, त्यात दहा कामं निघाली. यातली काही त्याला पहिल्या दिवशी येतील, काही महिन्याने, एखादं कदाचित कधीच नाही. एखादं आलं नाही म्हणून बाकीची नऊ वाया जात नाहीत. त्या वहीत आणखी एक लिहा: कुठलं काम सारखं तुंबतं? तुमची एखादी अनुभवी बाई सील मारायचं सोडून खोके दुमडत बसते का, लेबलं लावत बसते का? त्याची जागा तिथे आहे. ते काम त्यानं केलं नाही तर त्या दिवशी अडलं पाहिजे, असंच काम त्याला द्या.

शिकवताना आम्ही उलट्या टोकापासून सुरू करतो. म्हणजे सगळं तुम्ही करा, फक्त शेवटचं, भरलेलं पाकीट खोक्यात लावणं, त्याला द्या. ते पक्कं झालं की त्याच्या आधीचं, हवा बघणं. मग त्याच्या आधीचं. असं केलं की पहिल्या दिवसापासून त्याच्या हातून काम पूर्ण होतं. सुरुवातीकडून शिकवलं तर पाऊच उघडण्यातच आठवडा जातो आणि हातात काहीच तयार दिसत नाही.

दुसरं, तोंडानं कमी सांगा, हातानं दाखवा. डाऊन सिंड्रोम असलेल्या बहुतेकांचं ऐकून लक्षात ठेवणं कच्चं असतं, त्या मानानं बघून लक्षात ठेवणं चांगलं. "आधी हे घे, मग ते उचल, अन् झाकण लावायच्या आधी बघशील बरं का" हे त्याच्यासाठी एक लांबलचक गाणं आहे. एकदा करून दाखवा, त्याच्या हातात द्या, गप्प राहा. अन् विचारलं तर उत्तराला वेळ द्या. मनात दहापर्यंत मोजा. आपण नागपूरकर तिसऱ्या अंकालाच "काय करून राहिला रे भाऊ" म्हणून मोकळे होतो.

आकडे येत नसतील तर आकड्यांशिवाय काम लावता येतं. आमच्याकडे एका मुलीला बारापर्यंत मोजणं यायचं नाही. आठच्या पुढे गाडी घसरायची. मी एका प्लायवूडच्या तुकड्यावर पाकिटाच्या मापाचे बारा चौकोन रंगवून घेतले. ती प्रत्येक चौकोनावर एक पाकीट ठेवायची, मग रिकाम्या जागा राहिल्या का म्हणून तळहात सगळीकडे फिरवायची, अगदी पोळी लाटून झाल्यावर पोळपाट पुसावा तसा. सगळे चौकोन झाकले की तेवढी पाकिटं खोक्यात. तिनं वर्षभरात एकही खोकं अकराचं पाठवलं नाही. मोजता येणाऱ्या बायकांनी पाठवली, कारण त्या बोलता बोलता मोजत होत्या. पुढे त्यांनीही ती फळी मागितली. वजनाचंही तसंच: इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पडद्याच्या वर 200 लिहिलेली पट्टी चिकटवा. त्याला आकडा वाचायचा नाही, वरचं आणि खालचं सारखं दिसतं का एवढंच बघायचं आहे.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत मार्क गोल्ड नावाच्या माणसानं 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, "यांना काही येणार नाही" म्हणून सोडून दिलेल्या लोकांना सायकलचा पंधरा भागांचा ब्रेक जोडायला शिकवला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: शिकला नाही तर शिकवणाऱ्यानं रीत बदलावी.

मशीनचं मात्र परिस्थितीवर आहे. तुमच्याकडे हातानं दाबायचा सीलर असेल तर तो दाबल्यावर तेवढ्यापुरताच तापतो. तो मी शिकवलेला आहे, वेळ लागतो पण जमतो. बँड सीलर असेल तर पट्टा सतत फिरत असतो आणि आतली पट्टी सतत गरम. तिथे पहिले सहा महिने तरी त्याला उभं करू नका. तळणाची कढई तर नाहीच. पण खरं सांगायचं तर मशीनला गार्ड नसेल, वायर उघडी असेल, तर ती तुमच्या अकरा बायकांसाठीही धोक्याचीच आहे. तो येणार म्हणून लावलेल्या गार्डनं आधी तिथल्याच कुणाचं बोट वाचेल.

सुरू करण्याआधी काकूंना चार गोष्टी विचारा, आडवळण न घेता. फिट येते का? कानाची तपासणी शेवटची कधी झाली? थायरॉइड बघितला आहे का? मानेबद्दल डॉक्टर कधी काही बोलले का? डाऊन सिंड्रोममध्ये कमी ऐकू येणं आणि थायरॉइडची कमतरता या दोन्ही गोष्टी बऱ्याच दिसतात. "ऐकतच नाही, आळशी झाला" म्हणून घरी बसवलेल्या एका मुलाच्या कानात नुसता मळ गच्च भरलेला निघाला होता. मानेचे वरचे मणके काहींचे सैल असतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोक्यावर पोती, डबे उचलू देऊ नका. फिट येत असेल तर मशीनचा विचार सोडा, पॅकिंगच्या टेबलावर बसून करायचं भरपूर काम आहे.

जाण्यायेण्याचं बघू. तुम्ही रोज स्कूटरवर मागे बसवून नेणार असाल तर सुरुवातीला चालेल, पण तुम्ही लग्नाला गेलात की त्याची सुट्टी. तुमचं नशीब असं की टेलिफोन एक्स्चेंजवरून मेट्रोची अॅक्वा लाइन थेट लोकमान्यनगरला जाते, गाडी बदलायची नाही. जाताना तर लोकमान्यनगर शेवटचंच स्टेशन, सगळे उतरतात, त्यांच्यासोबत उतरायचं. येताना अवघड आहे, कारण टेलिफोन एक्स्चेंज मधे येतं. तिथे चुकून पुढे गेला तर काय करायचं हे चुकण्याआधी शिकवा: घाबरायचं नाही, प्रजापतीनगरला गाडी संपते, तिथे उतरायचं आणि परतीच्या गाडीत बसायचं. हे मी मुद्दाम चुकवून शिकवते. आधी शेजारी बसून, मग त्याच डब्यात लांब उभं राहून, मग पुढच्या डब्यातून. साधारण तीन आठवडे धरा. खिशात नाव अन् दोन फोन नंबरांचा कागद हवा. स्टेशनच्या बाहेर युनिटपर्यंतचा तुकडा मात्र तुम्हीच चालून बघा. मेट्रोत लिफ्ट आहे, पायाखाली खुणांच्या फरशा आहेत, सगळं छान आहे. बाहेर आलं की ट्रक, उघडी नाली आणि मे महिन्याचं ऊन. उन्हाळ्यात त्याची वेळ सकाळची ठेवा.

आता बायकांची कुजबुज. इथेच माझं सगळ्यात जास्त काम असतं आणि बोलणं सगळ्यात कमी.

त्यांना जमवून तासभर भाषण देऊ नका. "देवाघरची फुलं" वगैरे तर अजिबात नको, त्यानं माणूस फुलदाणीत जातो. दहा मिनिटं, चहाच्या वेळी, तो समोर असताना सांगा. त्याचं नाव हे, हा सोमवारपासून खोक्यांचं काम करणार, याला सांगताना दाखवून सांगा, उत्तराला थोडं थांबा, बोलणं कळलं नाही तर पुन्हा विचारा, समजल्यासारखं डोकं हलवू नका. "वेडा", "मंद" हे शब्द इथे चालणार नाहीत, हे तुम्ही मालकीण म्हणून सांगा, विनंती म्हणून नाही. आणि "बाळा" पण नको. तेवीस वर्षांचा आहे तो. नावानं हाक मारा, नाहीतर आपल्याकडे सगळ्यांना म्हणतात तसं भाऊ म्हणा.

बायकांची एक शंका खरी असते पण त्या तुम्हाला तोंडावर सांगणार नाहीत. ही मुलं पटकन मिठी मारतात. लहानपणी सगळ्यांनी कौतुक केलेलं असतं, मग पंचविशीत त्याच मिठीला सगळे दचकतात. त्याला पहिल्याच दिवशी शिकवा की कामाच्या ठिकाणी नमस्कार किंवा हात मिळवणं, मिठी घरी. काकूंनाही हे सांगा, नाहीतर घरी एक अन् इथे एक असं होईल. कुणाला त्रास झाला तर नियम त्याला सगळ्यांसारखाच लागू. आणि उलटही बघा: त्याला कुणी चिडवून, हसवून, भलतंसलतं बोलायला लावतंय का. धोका मला या बाजूनं जास्त दिसलेला आहे.

आणि डबा. मी कुठल्याही जागी दुसऱ्यांदा भेटीला जाते ती मुद्दाम जेवणाच्या वेळी. मशीन, टेबल, हजेरी नंतर. आधी बघते, तो डबा कुठे उघडून बसला आहे. गोलात बसला असेल, त्याच्या डब्यातली वांग्याची भाजी दुसरीच्या ताटात गेली असेल, कुणी त्याच्यावर ओरडून राहिलं असेल की लोणचं सांडलं म्हणून, तर मी चहा पिऊन परत येते, माझं काम नसतं तिथे. तो एकटा खोक्यांच्या थप्पीमागे बसला असेल तर कामात कितीही हुशार असला तरी तीन महिन्यांच्या आत घरी बसणार. पहिल्या दिवशी गोलात त्याची जागा तुम्ही ठरवा, शक्यतो तुमच्या सगळ्यात बोलक्या बाईशेजारी. सगळ्यात प्रेमळ बाईशेजारी नको, ती त्याला भरवायला लागेल.

आपल्याकडे मोहल्ल्यातही हेच चालतं, म्हणून एवढं लिहिते. गणपतीच्या मंडळात अशा मुलाला टिळा लावून पहिल्या रांगेत बसवतात, आरतीचं ताट हातात देतात, फोटो काढतात. रात्री खुर्च्या उचलायला पोट्टे जमतात तेव्हा त्याला कुणी हाक मारत नाही. दोस्ती तर त्या खुर्च्या उचलतानाच होते. युनिटमध्येही संक्रांतीचं वाण, भिशी, कुणाच्या मुलीचं लग्न, सगळ्यात त्याची वर्गणी घ्या. माफ करू नका.

पैशांचं स्पष्ट लिहिते, तुमच्या मिस्टरांना वाचून दाखवा. "मानधन" हा शब्द मला आवडत नाही. त्यात ना मान असतो, ना धन. तीन तासांनी सुरुवात करा, पण त्या तीन तासांचा दर बाकीच्यांना जो आहे तोच, किमान वेतनाच्या खाली नाही. नगावर काम असेल तर नगाचा दर सारखा. कमी दिलात तर तो स्वस्त मजूर होतो, जास्त दिलात तर बायका त्याला धुऊन काढतील आणि त्यांचं बरोबर असेल. दहापेक्षा जास्त माणसं आहेत, म्हणजे ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) तुम्हाला लागू. त्याचं नाव त्यात पहिल्या महिन्यापासून घाला. बँकेचं खातं त्याच्या नावाचं. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की आपल्या पैशांचे व्यवहार करण्याचा हक्क त्यालाही इतरांसारखाच आहे. काकूंना वाटत असेल की त्याला व्यवहारात कायदेशीर पालक लागेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती असते, तिथे अर्ज करता येतो. पण नोकरीला लागायला त्याची गरज नाही. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर तेवढं काढून घ्या.

पगारातले थोडे पैसे रोख त्याच्या हातात पडू द्या. माझ्या एका विद्यार्थ्यानं पहिल्या पगारातून अख्ख्या बेकरीला तर्री पोहे खाऊ घातले आणि सुट्टे परत घ्यायचे विसरला. त्याची आई हळहळली. मी म्हटलं, माझ्या भावानं पहिल्या पगारात यापेक्षा जास्त उडवले होते.

वरोऱ्याचं आनंदवन तुम्ही बघितलं असेल, आपल्याकडून चंद्रपूरच्या वाटेवर आहे. मी दर एक-दोन वर्षांनी मुलांना घेऊन जाते. बाबा आमट्यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती काढली, तेव्हा कुष्ठरोग झालेल्या माणसांना भीक न घालता त्यांच्या हातात कुदळ दिली. ते बघून प्रत्येक मालक हेलावतो. पण परतीच्या बसमध्ये मला दरवेळी एकच वाटतं, की ती वस्ती गावाबाहेर वसवावी लागली कारण गावानं त्यांना घेतलं नव्हतं. तुमच्या काकूंना मुलगा कुठल्या वेगळ्या जागी पाठवायचा नाही आहे. त्यांना तो तुमच्याच युनिटमध्ये हवा आहे, जिथे रेडिओ लागतो, भांडणं होतात, माल वेळेवर गेला नाही की सगळ्यांना बोलणी बसतात.

त्या बोलण्यांवरून आठवलं. त्यानं चूक केली, खोकं उलटं चिकटवलं, तर ते त्याला दाखवा आणि त्याच्याकडूनच नीट करून घ्या. मागून गुपचूप दुसरीनं नीट करायचं नाही. बाकीच्यांना रागावता तेवढं त्यालाही रागवा. बारा चौकोनांवाल्या त्या मुलीला सुपरवायझरनं पहिल्यांदा झापलं तेव्हा ती रडली, मग घरी जाऊन आईला सांगितलं, "आज मले पण बोलले." आईनं घाबरून मला फोन केला. मी विचारलं, रडत सांगितलं का? आई थोडी थांबली अन् म्हणाली, "नाही बाई, ऐटीत सांगितलं."

एवढं करूनही जमणार नाही असं होऊ शकतं. त्याला चिवड्याचा वास सहन होत नसेल, मशीनचा आवाज नकोसा वाटत असेल, किंवा त्याला हे कामच आवडलं नाही असंही असेल. तसा हक्क त्यालाही आहे. म्हणून तीन महिन्यांची मुदत बोलून घ्या, त्याच्याशीही, आणि काकूंना आजच सांगून ठेवा की मुदतीनंतर "नाही" निघालं तरी शेजार तुटणार नाही. बरीच नाती याच भीतीनं सुरुवातीलाच आडवी येतात.

सोमवार तुमचा माल पाठवायचा दिवस असेल तर सोमवारी सुरू करू नका. तो कामाला लागायच्या आधीच्या रविवारी, मशीन बंद असताना, काकूंना घरी ठेवून त्याला एकट्याला युनिट दाखवायला न्या. काही शिकवू नका. तो कुठे थांबतो, कशाला हात लावतो, काय विचारतो ते बघा, आणि मला लिहा. कोणतं काम आधी द्यायचं ते मग ठरवू.